शोधनिबंध मिळाला, पण त्यामागचे आकडे कुठे आहेत?

१ जानेवारी २०२५ पासून देशात ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना सुरू झाली. तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये, तीस प्रकाशक, सुमारे तेरा हजार जर्नल्स. सरकारी विद्यापीठं, कॉलेजं आणि संशोधन संस्थांमधल्या विद्यार्थ्यांना हे सगळं वाचायला खुलं. योजना चांगलीच आहे. एकेक निबंध उघडायला दोन-तीन हजार रुपये मागणाऱ्या वेबसाइटींसमोर हात चोळत बसलेल्या कोणालाही विचारा. पण बातम्यांमधून असा समज पसरला की आता संशोधनच खुलं झालं. तसं झालेलं नाही. खुले झाले ते निबंध. ज्या मोजमापांवर ते निबंध उभे आहेत, ती अजूनही बहुतेक वेळा कुठल्यातरी लॅबमधल्या कपाटात, पेनड्राइव्हवर, नाहीतर पीएचडी संपवून निघून गेलेल्या विद्यार्थ्याच्या जुन्या लॅपटॉपमध्ये असतात.

कच्चा डेटा म्हणजे नेमकं काय

सोसायटीची वार्षिक सभा आठवा. सेक्रेटरी ताळेबंद वाचून दाखवतात : गच्चीची दुरुस्ती, चार लाख वीस हजार. हा झाला शोधनिबंध. त्यामागची बिलं, व्हाउचरं, बँकेचं स्टेटमेंट हा झाला कच्चा डेटा. सेक्रेटरी प्रामाणिक असतील, बेरीजही बरोबर असेल. तरी एखाद्या सभासदाने बिलं बघायला मागितली तर त्यात त्यांचा अपमान नसतो, आणि बिलं दाखवायला नकार मिळाला तर सभेत कुजबुज सुरू होतेच.

विज्ञानात ही ‘बिलं’ प्रत्येक विषयात वेगळी दिसतात. जनुकशास्त्रात ती डीएनएच्या अक्षरांची लांबच लांब माळ असते, समाजशास्त्रात भरून घेतलेल्या प्रश्नावल्या, वैद्यकात प्रत्येक रुग्णाची नोंद. त्यामुळे ‘सगळ्यांनी सगळा डेटा खुला करा’ असा एकच फतवा काढून भागत नाही. पण निबंधातली आलेख-तक्ते ही आधीच शिजलेली, निवडलेली, सरासरी काढलेली गोष्ट असते, आणि त्याआधीचे निर्णय वाचकाला दिसत नाहीत, हे सगळीकडे सारखंच.

खोडदच्या तबकड्यांची गोष्ट

हे निर्णय काय असतात ते बघायला लांब जायला नको. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, पुण्याच्या एनसीआरए या खगोलसंशोधन संस्थेची. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, काही मध्यभागी एकत्र, बाकीच्या तीन दिशांना सुमारे पंचवीस किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. ही दुर्बीण आकाशाचा फोटो काढत नाही. तीस तबकड्यांच्या ४३५ जोड्या होतात. प्रत्येक जोडीने पकडलेल्या रेडिओलहरी एकमेकींशी ताडून दर काही सेकंदांनी, प्रत्येक वारंवारितेला, एक नोंद होते. रात्रभर निरीक्षण केलं की हाती येतो तो फक्त आकड्यांचा डोंगर. चित्र त्यातून गणिताने काढावं लागतं.

आता ते काढणाऱ्याला काय काय ठरवावं लागतं बघा. मोबाइल टॉवरचा आणि विजेच्या तारांचा गोंगाट कुठे आहे, तो किती कापायचा. रात्री दोन वाजता सतरा नंबरची तबकडी नीट चालत नव्हती असं वाटतंय, तर तिचे आकडे ठेवायचे की टाकायचे. वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरातून, म्हणजे आयनोस्फिअरमधून येताना लहरी वाकतात, ती दुरुस्ती कोणत्या पद्धतीने करायची. दोन तज्ज्ञांनी एकाच आकड्यांतून दोन जरा वेगळी चित्रं काढली तर त्यात कोणी लबाडी केली असं नसतं.

२०१० ते २०१२ या काळात जीएमआरटीने १५० मेगाहर्ट्झला आकाशाचं मोठं सर्वेक्षण केलं, टीजीएसएस नावाचं. दोन हजार तासांच्या आसपास निरीक्षण. मूळ गटाने काही भागांची चित्रं प्रसिद्ध केली, पण सगळं आकाश पूर्ण झालं नव्हतं. जीएमआरटीचा नियम असा की निरीक्षण करणाऱ्याला साधारण अठरा महिने डेटा एकट्याचा, त्यानंतर तो दुर्बिणीच्या अर्काइव्हमधून कोणालाही मिळतो. तसा तो इंटेमा नावाचे खगोलशास्त्रज्ञ आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी घेतला. आयनोस्फिअरची दुरुस्ती करणारी स्वतःची नवी पद्धत त्यावर चालवली आणि २०१७ मध्ये आकाशाच्या नव्वद टक्के भागाचा नकाशा प्रसिद्ध केला. त्यात सहा लाख वीस हजारांवर रेडिओस्रोत आहेत. दुर्बीण पुन्हा एक मिनिटही वळवावी लागली नाही.

पुढच्याच वर्षी नेदरलँड्समधल्या लायडनच्या गटाने याच नकाशातून एक अंधुक ठिपका उचलला, हवाईतल्या जेमिनी नॉर्थ दुर्बिणीने त्याचं अंतर मोजलं, आणि तो तोवर माहीत असलेल्यांतली सर्वांत दूरची रेडिओ दीर्घिका (जोरदार रेडिओलहरी सोडणारी दीर्घिका) निघाला. विश्वाचं वय जेमतेम शंभर कोटी वर्षं असताना निघालेला तो प्रकाश. खोडदच्या डेटामध्ये तो वर्षानुवर्षं पडून होता. मूळ गटाने फक्त आपली चित्रं छापून मूळ आकडे पुसून टाकले असते, तर नवी पद्धत चालवायला काहीच उरलं नसतं.

माझ्या मते कच्च्या डेटाच्या बाजूने हा सर्वांत मोठा मुद्दा आहे, आणि चर्चेत तो मागे पडतो. आपण डेटा मागतो तो चोर पकडायला, असंच सगळ्यांना वाटतं. चोर पकडले जातातही. पण जास्त वेळा सापडतं ते मूळ माणसाला बघायला वेळ, पद्धत किंवा कारण नव्हतं ते. मुंबईतून चालणारा ‘रॅड ॲट होम’ उपक्रम २०१३ पासून कॉलेजच्या विद्यार्थ्यांना असल्या रेडिओ चित्रांतून विचित्र दीर्घिका शोधायला शिकवतो. त्यांतल्या बहुतेकांनी स्वतःसाठी दुर्बिणीचा वेळ मागितला असता तर तो मिळाला नसता.

आणि चोर पकडायची गोष्टही सांगतो

मे २०२० आठवतोय? हायड्रॉक्सीक्लोरोक्विन हे मलेरियाचं औषध कोरोनावर चालतं की नाही यावर जगभर रण माजलं होतं, आणि आपल्याकडे आरोग्य कर्मचाऱ्यांना ते खबरदारी म्हणून दिलं जात होतं. २२ मे रोजी ‘द लॅन्सेट’ या नामवंत जर्नलमध्ये निबंध आला : सहा खंडांतली ६७१ रुग्णालयं, ९६ हजार रुग्ण, आणि निष्कर्ष असा की हे औषध घेणाऱ्यांत मृत्यू जास्त. तीन दिवसांत जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या चाचणीतला या औषधाचा भाग थांबवला.

मग लोकांनी तक्ते वाचायला सुरुवात केली. ऑस्ट्रेलियातल्या रुग्णालयांत २१ एप्रिलपर्यंत ७३ मृत्यू झाल्याचं निबंधात होतं. त्या तारखेपर्यंत अख्ख्या ऑस्ट्रेलियाची नोंद होती ६७. डेटा पुरवणाऱ्या कंपनीने सांगितलं, आशियातलं एक रुग्णालय चुकून ऑस्ट्रेलियात धरलं गेलं. शंभरावर शास्त्रज्ञांनी खुलं पत्र लिहून डेटा मागितला. हा सगळा डेटा त्याच कंपनीकडे होता, सर्जिस्फिअर नावाच्या, आणि ती छोटी होती. त्रयस्थ तपासणीसाठी तो द्यायला तिने नकार दिला, ‘रुग्णालयांशी करार आहेत’ म्हणून. कंपनीचे प्रमुख स्वतः लेखकांपैकी एक होते. उरलेल्या तीन लेखकांनी ४ जून रोजी निबंध मागे घेतला. छापल्यापासून तेरा दिवस.

गंमत अशी, की पुढे नीट झालेल्या मोठ्या चाचण्यांत या औषधाचा रुग्णालयात दाखल रुग्णांना फायदा नाही हेच दिसलं. म्हणून तो निबंध बरोबर ठरत नाही. परीक्षेत उत्तर जुळलं तरी पायऱ्या कुठून आल्या हे मास्तर विचारतातच.

दुसरं उदाहरण थोडक्यात. सरकारी कर्ज जीडीपीच्या नव्वद टक्क्यांवर गेलं की वाढ खुंटते, असं सांगणारा राइनहार्ट आणि रोगॉफ यांचा २०१० चा निबंध युरोपात खर्चकपातीच्या समर्थनार्थ सर्रास वापरला गेला. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या थॉमस हर्न्डन या विद्यार्थ्याला अभ्यासक्रमाचा भाग म्हणून तो पुन्हा करून बघायचा होता. आकडे जुळेनात. लेखकांनी आपली एक्सेल फाइल पाठवली आणि दिसलं की सरासरीच्या सूत्रात पाच देश सुटलेत. काही देशांचे आकडे धरायच्या पद्धतीवरही त्याचे आक्षेप होते. सगळं दुरुस्त केल्यावर त्याच्या हिशेबाने वाढीचा दर उणे ०.१ ऐवजी २.२ टक्के आला. इथे लेखकांना एक श्रेय द्यायला हवं : त्यांनी फाइल दिली.

“मागा म्हणजे देऊ की!”

बऱ्याच निबंधांच्या शेवटी एक वाक्य असतं : वाजवी विनंती केल्यास डेटा उपलब्ध होईल. वाचायला सभ्य वाटतं. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशी तयारी दाखवणाऱ्या १,७९२ निबंधांच्या लेखकांना खरोखरच पत्र लिहिलं गेलं. डेटा दिला १२२ जणांनी, म्हणजे शंभरातल्या सातांनीही नाही. बहुतेकांनी उत्तरच दिलं नाही.

यात सगळेच लपवाछपवी करणारे नसतात. २०१४ च्या एका अभ्यासात दोन ते बावीस वर्षं जुन्या ५१६ निबंधांचा डेटा शोधला होता. निबंध जितका जुना तितका डेटा हाती लागण्याची शक्यता कमी, दर वर्षी सुमारे १७ टक्क्यांनी. ईमेल बंद पडलेला, किंवा डेटा अशा डिस्कवर की ती वाचणारं यंत्र आता कोणाकडे नाही. म्हणून डेटा लेखकाच्या ताब्यात न ठेवता निबंध छापतानाच सार्वजनिक संग्रहात टाकावा, असा आग्रह धरला जातो. मानवी जनुकसंचाचा प्रकल्प चालू असताना १९९६ मध्ये बर्म्युडात जमलेल्या शास्त्रज्ञांनी याहून कडक नियम केला होता : डीएनएच्या अक्षरांचा वाचलेला क्रम चोवीस तासांत खुला करायचा, निबंधाची वाट बघायची नाही.

मग आयत्या बिळावर नागोबा नाही का होणार?

हा आक्षेप शास्त्रज्ञ खाजगीत सगळ्यात जास्त घेतात, आणि तो खोटा नाही. चार वर्षं उन्हातान्हात फिरून एखादीने नोंदी गोळा करायच्या, आणि एसी ऑफिसातल्या कोणीतरी दोन आठवड्यांत निबंध छापायचा? २०१६ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’च्या संपादकीयात दुसऱ्यांच्या डेटावर जगणाऱ्यांना काही लोक ‘संशोधनातले परजीवी’ म्हणतात, असा उल्लेख आला. त्यावर इतका गहजब झाला की काही शास्त्रज्ञांनी दुसऱ्यांच्या डेटाचा उत्तम वापर करणाऱ्यांसाठी ‘रिसर्च पॅरासाइट’ नावाचा पुरस्कारच सुरू केला. तो थट्टेत सुरू झाला, पण खरंच दिला जातो.

यावरचा उपाय खोडदने आधीच दाखवलाय. ठरावीक मुदतीपुरता डेटा तुमचा, नंतर सगळ्यांचा. मुदत विषयाप्रमाणे कमीजास्त असावी. दुर्बिणीचा अठरा महिन्यांचा नियम तीस वर्षं एका गावातल्या लोकांची तब्येत तपासणाऱ्याला लावून चालणार नाही. आणि डेटा वापरणाऱ्याने निबंधाला देतात तसंच डेटालाही श्रेय द्यायचं. हे दुसरं सांगायला सोपं आहे, पण आपल्याकडे बढतीच्या फॉर्मात छापलेले निबंध मोजतात. वीस गट वापरतात असा नीट लावलेला डेटा तयार करणाऱ्याला तिथे फारसं काही मिळत नाही. हे बदलत नाही तोवर तरुण संशोधकाला ‘खुलेपणा दाखव’ म्हणणं म्हणजे त्याला स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्यायला सांगणं आहे.

रुग्णांच्या खाजगीपणाचं काय?

नाव काढून टाकलं की झालं, असं वाटतं. तेवढ्याने होत नाही. नव्वदच्या दशकात अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये सरकारी कर्मचाऱ्यांच्या रुग्णालयातल्या नोंदी नावं काढून संशोधकांना दिल्या होत्या. लटान्या स्वीनी तेव्हा विद्यार्थिनी होत्या. त्यांनी केंब्रिज शहराची मतदारयादी वीस डॉलरला विकत घेतली. दोन्हींत जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड होते. राज्याचे गव्हर्नर विल्यम वेल्ड यांच्याच जन्मतारखेचे शहरात सहा जण, त्यांतले तीन पुरुष, आणि त्यांच्या पिनकोडात एकच. गव्हर्नरांच्या आजारपणाची नोंद स्वीनींच्या हातात आली.

हे गडचिरोलीत किंवा नंदुरबारमध्ये आणून बघा. तिथल्या आदिवासी समाजांत सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं प्रमाण मोठं आहे, संशोधनही होतं. छोट्या पाड्याचं नाव, वय आणि लिंग एवढं असलं तरी त्या फाइलमधली ‘वाहक, मुलगी, १९ वर्षं’ कोण हे गावात सगळ्यांना कळेल. मग लग्न जमवताना काय होईल, हे सांगायला नको.

म्हणून असा डेटा उघड्यावर टाकत नाहीत. संशोधकाने अर्ज करायचा, कशासाठी हवा ते लिहून द्यायचं, समिती तपासते, आणि मग अटींसह तो मिळतो. ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पातले दहा हजार भारतीयांचे जनुकसंच जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांसाठी उपलब्ध झाले ते याच मार्गाने. ते फरीदाबादच्या इंडियन बायोलॉजिकल डेटा सेंटरमध्ये आहेत. जनुकसंचातून नाव काढता येतं, ओळख काढता येत नाही, आणि तो एकट्याचा नसतो, भावाबहिणींचाही त्यात वाटा असतो. पक्ष्यांच्या आणि प्राण्यांच्या नोंदींतही अशीच खबरदारी घेतात. शिकाऱ्यांचा डोळा असलेल्या दुर्मीळ जातींचं अचूक ठिकाण मुद्दाम धूसर करून दाखवतात.

‘रुग्णांची गोपनीयता’ हे कारण खरं असलं तरी ते ढाल म्हणूनही वापरलं जातं. सर्जिस्फिअरनेही गोपनीयतेचंच नाव पुढे केलं होतं. फरक ओळखायचा तर एवढंच बघायचं : जाहीर करायला नकार आहे, की बंद खोलीत त्रयस्थ तपासनीसालाही दाखवायला नकार आहे?

कोणीही उठून काहीही अर्थ काढेल

काढेल. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या लायगोने, म्हणजे दोन वेधशाळांच्या जोडीने, गुरुत्वीय लहरी (कृष्णविवरांच्या टकरीसारख्या घटनांतून अवकाशात उठणारे तरंग) सापडल्याचं जाहीर केलं (हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ ज्याची भारतीय वेधशाळा होणार आहे, तोच लायगो). त्या लहरीच्या आसपासचा डेटा त्यांनी तेव्हाच खुला केला. २०१७ मध्ये कोपनहेगनच्या एका गटाने तो डेटा घेऊन शंका काढली की दोन्ही वेधशाळांच्या गोंगाटातच साम्य दिसतंय, मग लहर कशावरून? बराच खल झाला. इतर गटांनी तोच डेटा पुन्हा तपासला आणि लहर खरी असल्याचं दाखवलं. ती शंका लायगोवाल्यांनी ‘आमच्यावर विश्वास ठेवा’ म्हणून उडवून लावली असती, तर ती आजही अर्धवट जिवंत असती. उलट बाजूने, प्रिन्स्टनच्या गटाने त्याच खुल्या डेटामधून कृष्णविवरांच्या जास्तीच्या टकरी शोधून काढल्या.

डेटा आपला, फायदा त्यांचा?

हा आक्षेप मला सगळ्यात अवघड वाटतो. २००७ मध्ये इंडोनेशियाने बर्ड फ्लूचे नमुने जागतिक आरोग्य संघटनेला पाठवणं थांबवलं. कारण साधं होतं : नमुने आम्ही द्यायचे, त्यावर परदेशी कंपन्या लस बनवणार, आणि साथ आली की ती लस आम्हाला परवडणार नाही. या भांडणातून २००८ मध्ये गिसेड नावाचा संग्रह उभा राहिला. तिथे विषाणूचा क्रम बघता येतो, पण ओळख नोंदवावी लागते आणि देणाऱ्याला श्रेय देण्याची अट असते. कोरोनाच्या वेळी पुण्याच्या एनआयव्ही या विषाणू संशोधन संस्थेने भारतातले सुरुवातीचे क्रम तिथेच ठेवले.

पण श्रेय मिळणं आणि लस मिळणं यांत अंतर आहे. ११ जानेवारी २०२० रोजी चीनमधून विषाणूचा क्रम खुला झाला, दोन दिवसांत मॉडर्ना या अमेरिकी कंपनीने लशीचा आराखडा पक्का केला, आणि वर्षभराने लस आधी कोणत्या देशांत पोचली हे आपण पाहिलं. डेटा खुला ठेवल्याने न्याय आपोआप होत नाही. त्यासाठी वेगळे करार लागतात. तरीही डेटा दाबून ठेवणं हा यावरचा तोडगा मला पटत नाही, कारण साथीच्या वेळी पहिला तोटा आपलाच होतो.

खर्च आणि कंटाळा

हार्ड डिस्क महाग नाहीत. महाग आहे ते माणसाचं काम. हवामानाच्या फाइलमध्ये पाऊस ‘-९९९’ दिसतो. त्याचा अर्थ ‘त्या दिवशीची नोंद नाही’. हे कुठेच लिहून ठेवलं नसेल तर उत्साही विद्यार्थी महिन्याची सरासरी काढतो आणि पाऊस उणे येतो. तिथे निदान चूक दिसते तरी. जनुकशास्त्रात ‘मार्च१’ आणि ‘सेप्ट२’ नावाची जनुकं होती. एक्सेल त्यांची गुपचूप १ मार्च आणि २ सप्टेंबर करून टाकायचं. २०१६ च्या तपासणीत जनुकांच्या एक्सेल याद्या जोडलेल्या निबंधांपैकी सुमारे एक पंचमांशांत असल्या चुका निघाल्या. शेवटी २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी जनुकांचीच नावं बदलली. एक्सेलपुढे हात टेकले म्हणा ना.

त्यामुळे डेटासोबत कोणता रकाना कशाचा, एकक काय, कोणत्या नोंदी का गाळल्या, हे सांगणारी टिपणं लागतात. ती लिहायला दिवसचे दिवस जातात आणि काम रटाळ असतं. त्यासाठी प्रकल्पाच्या बजेटमध्ये वेगळा माणूस आणि वेगळा पैसा धरायला हवा, पण आपल्याकडे ते काम पीएचडीच्या मुलाच्या शेवटच्या महिन्यावर ढकललं जातं, तो थिसिस लिहीत असताना.

‘अमुक खाल्ल्याने तमुक होतं, संशोधकांचा दावा’ अशी बातमी आली, तर मूळ निबंध शोधून त्याच्या शेवटी ‘डेटा अव्हेलेबिलिटी’ नावाचा छोटा परिच्छेद बघा. झेनोडो, फिगशेअर, ड्रायड असल्या संग्रहाची लिंक असेल तर ती उघडा. ती चालते का, आत आकड्यांची फाइल आहे की तक्त्यांचं पीडीएफ, आणि सोबत टिपण आहे का, हे बघायला शास्त्रज्ञ असावं लागत नाही.